सांगणारी नस, दाखवणारी नस



व्याख्यानाचा विषय विचारायला चिटणीस घरी आले, तेव्हा मी ‘चेहऱ्याच्या नसा’ असे सांगितले. ते जरा घुटमळले. म्हणाले, “डॉक्टर, आपलं साहित्याचं मंडळ आहे हो.” मी म्हटले, “म्हणूनच.” कपाळाला आठ्या घालणे, नाक मुरडणे, गाल फुगवणे, ओठ काढणे, तोंड पाडणे, दातओठ खाणे, डोळे वटारणे, गालातल्या गालात हसणे, हे सगळे आपण रोज बोलतो आणि लिहितो. मी बेळगावात गेली चाळीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो. लोक आपले दुखणे सांगायला येतात, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच चेहरा बरेच सांगून जातो. हा चेहरा कोणत्या तारांवर चालतो, आणि त्या तारा नीट न ओळखल्यामुळे काय काय हातचे जाते, एवढेच आज बोलायचे आहे. त्यात माझीही एक चूक आहे. ती शेवटाकडे सांगतो.

एक खुलासा आधी करतो. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. आज मी नस म्हणेन तेव्हा मज्जातंतूच समजावा. आणि हे भाषण छापून तुमच्या हाती येईल तेव्हा वाचतानाही हात चेहऱ्यावर ठेवून पाहावा. नकाशा तिथेच आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी खालची दाढ काढून घेतली असेल. दंतवैद्य सुई देतात आणि थोड्या वेळाने खालचा ओठ जड, मेल्यासारखा होतो. बोट लावले तर कळत नाही. पण आरशात पाहा, तोच ओठ हलतो, हसतो, शीळ घालायला पुढेही येतो. आता उलट उदाहरण घ्या. एखाद्याचे तोंड एका बाजूला वाकडे होते. ओठ हलत नाही, डोळा मिटत नाही, पण गालाला बोट लावले तर त्याला ते नीट कळते. पहिल्याचा ओठ जाणत नाही पण हलतो, दुसऱ्याचा हलत नाही पण जाणतो. याचा अर्थ चेहऱ्याला दोन वेगळ्या तारा आहेत.

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यांतली पाचवी, ट्रायजेमिनल, ही चेहऱ्याची संवेदना मेंदूला सांगते. सातवी, फेशियल, ही चेहऱ्याचे स्नायू हलवते. एक सांगणारी, एक दाखवणारी. आजच्या भाषणातले एवढे एकच वाक्य घरी नेले तरी पुरे.

प्रथम पाचवी. कानाच्या पुढे, कवटीच्या आत तिची एक गाठ आहे आणि तिथून तिला तीन शाखा फुटतात. भुवईखालच्या हाडावर नाकाकडून बाहेर बोट सरकवत जा. आतल्या तिसऱ्या हिश्शाशी एक लहानशी खाच लागेल. दाबलीत तर बोथट कळ येईल. पहिल्या शाखेची मुख्य फांदी तिथून वर कपाळात चढते. कपाळ, वरची पापणी, नाकाचा कणा आणि शेंडा, डोळ्याचे बुबुळ, आणि केसांतून मागे पार माथ्यापर्यंत हिचा मुलूख. कुंकू किंवा गंध लावतो ती जागा हिचीच. त्या खाचेपासून सरळ खाली या. डोळ्याच्या खोबणीखाली बोटभर अंतरावर दुसऱ्या शाखेची खिडकी आहे. खालची पापणी, गालाचा उंचवटा, वरचा ओठ आणि वरचे दात हे तिचे. आणखी खाली, हनुवटीच्या बाजूला, तिसऱ्या शाखेची खिडकी. खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात आणि कानापुढून वर कानशिलापर्यंतची पट्टी तिची. या तिन्ही खिडक्या साधारण एका उभ्या रेषेत येतात, हे शवविच्छेदनाच्या टेबलाशी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार नवल वाटले होते. आमच्या अभ्यासक्रमातही शरीररचनाशास्त्र पूर्ण शिकावे लागते, हे पुष्कळांना माहीत नसते.

तरी सगळा चेहरा पाचवीचा नाही. जबड्याचा कोपरा, म्हणजे कानाखाली हाड वळते ती जागा, आणि कानाची पाळी यांची नस मानेतून येते. लहानपणी कान टोचले तेव्हा जी कळ गेली, ती मानेच्या नसेने नेली. डोक्याच्या मागचा भागही मानेचाच. अंबाडा घालतात त्या जागेची मोठी नस मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून निघून वर माथ्याकडे चढते. म्हणजे माथ्यावर कुठेतरी एक सीमा आहे. पुढून पाचवी येते, मागून मान येते. आणि खाली, मेंदूच्या देठाशी, या दोघींचे निरोप शेजारी शेजारी उतरतात. त्यामुळे कधी कधी दुखते मान आणि वाटते डोळ्यामागे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलूनही कपाळ दुखायचे थांबत नाही, तेव्हा मान तपासून पाहावी लागते, ती यासाठी.

इथे मला आमच्या घरातली एक आठवण सांगावीशी वाटते. आम्ही दिगंबर जैन. मुनिमहाराज गावात असले की लहानपणी आजी आम्हांला केशलोच पाहायला नेई. दोन ते चार महिन्यांतून एकदा महाराज डोक्याचे, दाढी-मिशांचे केस हाताने उपटतात. केस निसटू नयेत म्हणून राख लावतात, बस्स. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती नसेच्या टोकांचे कडे असते. एक केस ओढला तरी आपण ‘स्स’ करतो. मी आजीला विचारले होते, “महाराजांना दुखत नाही का ग?” ती म्हणाली, “दुखतं की. तोंडावर आणत नाहीत.” पुढे शरीररचना शिकताना ते उत्तर मला वेगळ्या अर्थाने आठवले. पाचवी नस आणि मानेच्या नसा आपले काम चोख करत होत्या. सातवी गप्प होती. दोघींच्या मध्ये माणूस होता.

आता ही सातवी पाहू. कानाच्या पाळीमागे हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्याजवळून ती कवटीबाहेर येते आणि कानापुढच्या लालापिंडात शिरून तिथे तिच्या पाच फांद्या होतात. उजवा हात घ्या. कोपर मागे न्या, मनगट कानाच्या पाळीखाली टेकवा आणि बोटे गालावर पुढच्या दिशेने पसरा. अंगठा कानशिलाकडे, तर्जनी डोळ्याकडे, मधले बोट वरच्या ओठाकडे, अनामिका हनुवटीकडे, करंगळी मानेकडे. सातवीच्या फांद्या अशाच पसरतात. विद्यार्थ्यांना आम्ही हे असेच पाठ करायला लावतो.

आता वाक्प्रचारांची वाटणी करू. कपाळाच्या आठ्या, नाक मुरडणे, गाल फुगवणे, ओठ काढणे, डोळा मारणे हे सगळे सातवीचे. डोळे वटारणे मात्र तिच्या हातात नाही. वरची पापणी उचलते ती तिसरी नस. आणि ‘दातओठ खाणे’ यात मौज आहे. ओठ आवळते सातवी, पण दात आवळणारे जबड्याचे बळकट स्नायू पाचवीच्या तिसऱ्या शाखेचे. सांगणाऱ्या नसेकडे हलवण्याचे एवढेच मोठे काम आहे, चावण्याचे. म्हणून तोंड वाकडे झालेला माणूस भाकरी चावू शकतो, पण चावलेला घास गालात साठून राहतो, कारण घास आत ढकलणारा गालाचा स्नायू सातवीचा.

या दोघी एकमेकींशी बोलतातही. कांदा चिरताना डोळ्याला झोंबते ती खबर पाचवी नेते. उत्तरादाखल डोळ्यांतून पाणी काढण्याचा हुकूम सातवीबरोबर निघालेल्या तंतूंतून येतो. डोळ्यात धुळीचा कण गेला की कळते पाचवीला आणि पापणी मिटते सातवी. चव हे आणखी एक काम. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवीबरोबर जाते. पण मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे, ती जळजळ आहे आणि तो पाचवीचा प्रांत.

हे दोन नसांचे भेद आज शाळकरी मुलालाही सांगता येतात. पण दोनशे वर्षांपूर्वी ते मोठमोठ्या शल्यचिकित्सकांना माहीत नव्हते. चेहऱ्यात विजेसारख्या कळा मारणारा एक रोग आहे. फ्रान्समधल्या निकोला आंद्रे याने 1756 मध्ये त्याला नाव दिले आणि लंडनच्या जॉन फॉदरगिलने 1773 मध्ये त्याचे चांगले वर्णन मांडले. त्या कळा थांबवण्यासाठी काही शल्यचिकित्सक नस कापत, आणि कापत ती सातवी. कळा तशाच राहत आणि वर चेहरा लुळा पडे. 1821 मध्ये चार्ल्स बेल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या नसांवरचा निबंध वाचला आणि दोघींची कामे वेगळी असल्याचे दाखवले. त्याच्या मांडणीतही चुका होत्या. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो याने त्या दुरुस्त केल्या. हे सारे प्रयोग गाढवांवर झाले. ते वाचताना माझ्यासारख्याला आजही कसेसे होते. बेललाही जिवंत प्राण्यांवर शस्त्र चालवणे जड जात असे. पण त्या ज्ञानामुळे पुढे किती चेहरे वाचले, हेही मी विसरू शकत नाही.

आता माझी चूक.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई दवाखान्यात आल्या. निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात कळ येई. क्षणभराचीच, पण विजेचा झटका बसावा तशी. तोंड धुताना येई, पहिला घास चावताना येई, दारातून वाऱ्याची झुळूक आली तरी येई. दात दुखतात असे समजून त्यांनी आधी दुसरीकडे दोन दाढा काढून घेतल्या होत्या. दाढा गेल्या, कळ राहिली. बोलले की कळ येते म्हणून बाईंनी बोलणे कमी केले होते. ज्यांच्या तोंडून मी मराठी शिकलो, त्या बाई माझ्यासमोर पाटीवर लिहून दुखणे सांगत होत्या.

मी औषध दिले. पाच आठवड्यांत कळा थांबल्या. मला आनंद झाला, आणि खरे सांगतो, अभिमानही झाला. चार ठिकाणी मी ती हकिकत सांगितली. तीन महिन्यांनी कळा परत आल्या, पहिल्यापेक्षा जोरात. मी औषध बदलले, मात्रा बदलली आणि आणखी दीड महिना घालवला. बाई पेज आणि ताकभातावर आल्या. वजन उतरले. एके दिवशी त्यांनी पाटीवर लिहिले, “किती दिवस?”

त्या रात्री मी माझे जुने शरीररचनेचे पुस्तक काढले. बाई बोटाने दाखवत ती रेषा पाचवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शाखेवरून तंतोतंत जात होती. त्यांचा चेहरा हलत होता, गालाला स्पर्श कळत होता, फक्त कळा होत्या. फॉदरगिलने वर्णन केलेला तोच रोग. आणि त्याच पुस्तकांत हेही लिहिलेले होते की हा रोग मध्येच आठवडे किंवा महिने आपणहून थांबतो आणि मग परत येतो. पहिल्या वेळी कळा थांबल्या तेव्हा माझे औषध चालू होते, एवढेच. मी त्या थांबण्याला माझे यश समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी एमआरआय काढला. मेंदूच्या देठाशी एक लहान रक्तवाहिनी पाचवीच्या मुळाला टेकलेली होती. बहुतेकांत कारण हेच असते. त्यांनी कार्बामाझेपिन सुरू केले. या रोगात हे औषध 1962 पासून माहीत आहे. रक्तातले सोडियम पाहावे लागते, अंगावर पुरळ उठले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घ्यायचे नसते. औषधाने भागले नाही तर ती रक्तवाहिनी नसेपासून अलग करण्याची शस्त्रक्रियाही आहे. बाईंना तिची गरज पडली नाही. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला आणि त्या पाऊण तास बोलल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अरे, वहीत चूक सापडली की लाल शाईने खूण करायची. पान फाडायचं नाही.”

श्रोतेहो, ते पान मी आज तुमच्यासमोर उघडे ठेवले आहे. कारण ही एकट्या माझी गोष्ट नाही. चेहऱ्याच्या नसांचे जे तीन रोग आपण घरोघरी पाहतो, ते तिन्ही बहुधा आपणहून ओसरतात, निदान काही काळ. म्हणून त्या तिन्हींवर रामबाण उपाय करणारे गावोगाव असतात. कळा थांबतात, वाकडे तोंड सरळ होते, नागीण वाळते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. मधल्या काळात काय हातचे गेले, ते कोणी मोजत नाही.

नागिणीचेच पाहा. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे विषाणू नसेच्या गाठीत दडून राहतात आणि उतारवयात त्या एका नसेच्या वाटेने कातडीवर येतात. नागिणीने वेढा पूर्ण केला, तोंड आणि शेपूट जुळले, की माणूस जातो, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून नागीण बहुधा मधली रेषा ओलांडत नाही. भीती वेढ्याची बाळगू नका, जागेची बाळगा. कपाळावर नागीण आली म्हणजे पाचवीची पहिली शाखा, आणि बुबुळाची नस तीच. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळा धोक्यात आहे असे समजावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. खानापूरकडचे एक शेतकरी आठ दिवस मंत्र घालून आणि गेरू लावून मग माझ्याकडे आले. मी उंबऱ्यातूनच त्यांना पुढे पाठवले. डोळा राहिला, नजर अधू झाली.

आणि वाकडे तोंड. ‘अंगावरून वारं गेलं’ असे आपण म्हणतो. चोर्ल्याच्या घाटातून गाडीच्या खिडकीशी बसून आलो, गार वारा लागला आणि सकाळी तोंड वाकडे, असे सांगणारे दर थंडीत भेटतात. सातवी नस कवटीतल्या अरुंद बोगद्यात सुजली की एका बाजूचा सगळा चेहरा सैल पडतो. कपाळाच्या आठ्याही जातात, डोळाही मिटत नाही. याला बेलचेच नाव आहे. अर्धांगवायूत मात्र बिघाड मेंदूत असतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते, त्यामुळे तोंड वाकडे झाले तरी कपाळाला आठ्या बहुधा पडतात. हे सांगितले ते समजण्यासाठी. घरी आरशापुढे बसून निदान करण्यासाठी सांगितलेले नाही. तोंड अचानक वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर वेळ पाहून ठेवा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि तपासणीत सातवीचीच सूज निघाली तरीही उशीर करू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तर नस पूर्ण बरी होण्याची शक्यता वाढते. तोवर उघड्या डोळ्यात थेंब घालावे आणि रात्री पापणी चिकटपट्टीने मिटवून झोपावे. तोंड पुढे सरळ होते, पण कोरडे पडून जखम झालेले बुबुळ पूर्ववत होईलच असे नाही.

तुम्ही विचाराल, होमिओपॅथीचा डॉक्टर असून हे सगळे का सांगता? मी माझ्या दवाखान्यात बसतो, बसत राहीन. पण कुठल्याही वैद्याचे पहिले काम औषध देण्याचे नसते. रोगी कुठे दुखते म्हणतो, ती रेषा बोटाने नीट पाहणे आणि ती आपल्या हद्दीत येते का हे ओळखणे, हे पहिले काम. माझ्याकडे चेहऱ्याची तक्रार घेऊन कोणी आले की मी आजही तीनच गोष्टी आधी करून घेतो. भुवया वर उचला. डोळे घट्ट मिटा. आता दोन्ही गालांना बोट लावतो, सारखे कळते का सांगा. दोन नसांची ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. बाईंची ती मी पाच महिन्यांनी घेतली.

बाई आता नाहीत. त्यांची पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर खडूने लिहिलेले ‘किती दिवस?’ पुसट झाले आहे, पण वाचता येते. एखादे दुखणे लांबले, आणि मला वाटू लागले की अजून थोडे थांबून पाहू, की मी तो खण उघडतो.